शर्यतीतील प्राणी आणि प्रतीकाची नीती

‘अ‍ॅना करेनिना’च्या दुसऱ्या भागातील अश्वशर्यतीचे प्रकरण समीक्षकांनी वारंवार चर्चिले आहे. पाण्याने भरलेला शेवटचा चर फ्रू-फ्रू ही घोडी सहज ओलांडते. नेमक्या त्याच क्षणी व्रॉन्स्कीला तिच्या गतीशी आपल्या शरीराची लय जुळवता येत नाही. तो अवेळी खोगिरावर आदळतो आणि घोडीचा कणा मोडतो. फ्रू-फ्रू म्हणजे अ‍ॅना, हा या प्रसंगाचा रूढ अन्वयार्थ. त्याला कादंबरीच्या रचनेत भक्कम आधारही आहेत. पडलेल्या घोडीपुढे उभा असलेला, पांढराफटक पडलेला, खालचा जबडा थरथरणारा व्रॉन्स्की वाचकाने त्याआधीच अ‍ॅनापुढे तशाच अवस्थेत पाहिलेला असतो. तेव्हा हा अन्वयार्थ चुकीचा आहे, असे म्हणता येणार नाही. तो किती सहजपणे स्वीकारला जातो, ही बाब मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. घोडी म्हणजे अ‍ॅना असे म्हटले, की घोडी मेली हे वेगळे म्हणण्याची गरज उरत नाही. तिचे मरण एका पूर्वसूचनेत जमा होते आणि समीक्षक पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

क्रीडास्पर्धांत प्राण्यांचा वापर करावा की नाही, हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा, कायद्याचा किंवा पशुवैद्यकाचा मानला जातो. साहित्यसमीक्षेचा त्याच्याशी संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु स्पर्धेच्या मैदानावर प्राण्याच्या बाबतीत जे घडते ते प्रथमतः एक चिन्हव्यवहार असते. बैलाचे धावणे हे मालकाच्या प्रतिष्ठेचे, गावाच्या इभ्रतीचे, एखाद्या जातसमूहाच्या शौर्याचे चिन्ह बनते. आणि प्राण्याच्या शरीरावरून नजर हटवून त्याने सूचित केलेल्या मानवी अर्थाकडे जाण्याची सवय साहित्याच्या वाचकाला, त्याहून अधिक साहित्याच्या अभ्यासकाला, शिक्षणातूनच लागलेली असते. प्रतीकाच्या वाचनाची ही रीत आणि मैदानाची रीत यांत असलेले साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

टॉलस्टॉयची संहिता या सवयीला पुरतेपणी साथ देत नाही. व्रॉन्स्कीची चूक तो नियतीवर किंवा वासनेवर ढकलत नाही. ती खोगिरावर अवेळी बसण्याची, अगदी शारीर आणि मोजता येण्याजोगी चूक आहे. काय झाले हे न कळून व्रॉन्स्की लगाम ओढत राहतो, तिच्या पोटात टाच मारतो, आणि ती मान वळवून त्याच्याकडे पाहते. त्या पाहण्याचा अर्थ निवेदक सांगत नाही. या ठिकाणी प्रतीक थबकते आणि एका घोडीचा डोळा उरतो.

प्रेक्षागृहातील पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. एक अधिकारी बातमी घेऊन येतो: स्वार सुखरूप आहे, घोडीचा कणा मोडला आहे. तिथे जमलेल्या सभ्य समाजाच्या दृष्टीने वाक्याचा दुसरा भाग हा पहिल्या भागातील शुभवार्तेचे केवळ शेपूट असतो. आणि याच प्रेक्षागृहात थोड्या वेळापूर्वी करेनिनने एक भेद मांडलेला असतो: मुष्टियुद्ध किंवा स्पेनमधील बैलझुंज ही रानटीपणाची खूण, पण विशेष कौशल्याचा खेळ ही विकासाची खूण. सतरा स्वारांपैकी निम्म्याहून अधिक ज्या शर्यतीत पडतात आणि जखमी होतात, तिच्याच साक्षीने हे विधान केले जाते. टॉलस्टॉयचा उपरोध इतका शांत आहे, की करेनिनचे म्हणणे अनेकदा नुसते पात्रचित्रणाचा भाग म्हणून वाचले जाते. वास्तविक आपला खेळ सुसंस्कृत आणि दुसऱ्याचा रानटी, या युक्तिवादाचा तो जवळजवळ आदर्श नमुना आहे. त्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

टॉलस्टॉयचीच दुसरी कथा ‘खोल्स्तोमेर’ (१८८६) समीक्षेच्या इतिहासात वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने अपरिचितीकरणाची संकल्पना मांडताना तिचा दाखला दिला. घोड्याच्या तोंडून मालमत्तेची कल्पना मांडली गेल्याने ती विचित्र, अनोळखी दिसू लागते, हा त्याचा मुद्दा. रूपवादी विवेचनाला एवढे पुरेसे होते. पण त्या दाखल्यातही घोडा हे मानवी संस्थेकडे पाहण्याचे एक साधन राहतो, भिंग ठरतो. कथेतील एका तपशिलाची दखल त्यामुळे फारशी घेतली गेली नाही. खोल्स्तोमेर धावण्यात उमरावाच्या लाडक्या घोड्याला मागे टाकतो आणि हे मालकाच्या कानी जाऊ नये म्हणून त्याला विकून टाकले जाते. जिंकण्याची ही शिक्षा. ज्याला स्पर्धा चालू आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या वाट्याला तिचा निकाल मात्र येतो.

योहान हायझिंगाने ‘होमो लुडेन्स’मध्ये (१९३८) क्रीडेचे पहिले लक्षण स्वेच्छा हे सांगितले. प्राणीही खेळतात, संस्कृतीच्या आधीपासून खेळतात, हेही त्यानेच आरंभी नोंदवले. ही दोन विधाने एकत्र वाचली असता एक महत्त्वाचा भेद हाती येतो. कुत्र्याची पिले एकमेकांशी झोंबतात तेव्हा ती खेळत असतात. जुंपलेला बैल खेळत नसतो. तो खेळात असतो. मराठीतील ‘बैल पळतो’ आणि ‘बैल पळवतात’ या दोन प्रयोगांमधले अंतर हेच आहे. शर्यतीची सगळी प्रशंसा पहिल्या प्रयोगात बोलते. वस्तुस्थितीला शोभणारे क्रियापद दुसरे असते.

प्राण्याला हे नसलेले कर्तेपण बहाल करण्याचा सर्वांत प्रतिभाशाली प्रयत्न अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘डेथ इन द आफ्टरनून’मध्ये (१९३२) आढळतो. बैलझुंज हा खेळ नाही, ती तीन अंकी शोकांतिका आहे, असे त्याचे प्रतिपादन. सामन्याच्या निकषांवर जे समर्थनीय ठरत नाही ते वाङ्मयप्रकाराच्या निकषांवर समर्थनीय ठरवायचे, असा हा डाव आहे. हेमिंग्वे अप्रामाणिक नाही. झुंजीतल्या घोड्यांच्या मरणाचा मुद्दा तो टाळत नाही. उलट बैलाचे मरण शोकात्म असते आणि घोड्याचे मरण हास्यास्पदाकडे झुकते, असे तो उघड सांगतो. स्पेनमध्ये १९२८ पासून या घोड्यांना जाड गाद्यांचे संरक्षण सक्तीचे झाले, तो बदलही त्याच्या विवेचनात येतो. पण एकाच रिंगणातील दोन प्राण्यांपैकी एकाला शोकांतिकेत आणि दुसऱ्याला प्रहसनात घालण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याला पडत नाही. वाङ्मयप्रकार ठरवणारा नेहमी प्रेक्षागृहात बसलेला असतो.

शिवाय ही शोकांतिका अॅरिस्टॉटलच्या निकषालाही उतरत नाही. शोकांतिकेच्या नायकाकडून प्रमाद घडावा लागतो, आणि प्रमादासाठी निवड हवी. बैल कशात चुकतो? या प्रथेचा सारा डोलारा तर असा आहे, की पायी उतरलेल्या माणसाशी बैलाचा त्याआधी कधीही सामना झालेला नसावा. कारण एकदा तो अनुभव घेतलेला बैल कापडाऐवजी माणसावरच धावून जाऊ लागतो. हेमिंग्वेने हे तपशीलवार दिले आहे. म्हणजे बैलाचे अज्ञान ही या कलेची पूर्वअट होय. अज्ञानामुळे विनाश ओढवून घेणारा इडिपस आणि अज्ञानात राखून वाढवलेला बैल यांना एकच संज्ञा लावणे हा शोकांतिका या शब्दाचा संकोच आहे. फ्रू-फ्रूच्या बाबतीत निदान हिशेब स्पष्ट होता: प्रमाद व्रॉन्स्कीचा, मरण घोडीचे.

या पार्श्वभूमीवर सी. एस. चेल्लप्पा यांची ‘वाडिवासल’ (१९५९) ही तमिळ लघुकादंबरी विशेष लक्षणीय ठरते. ‘एळुत्तु’ या नियतकालिकाचे संपादक आणि आधुनिक तमिळ समीक्षेचे एक प्रवर्तक म्हणून चेल्लप्पा परिचित आहेत. एन. कल्याण रामन यांच्या इंग्रजी अनुवादामुळे २०१३ पासून ही कृती तमिळबाहेरच्या अभ्यासकांनाही उपलब्ध झाली. वाडिवासल म्हणजे जल्लिकट्टूत बैल ज्यातून सोडले जातात ते दार. एका दुपारचा अवकाश, एक मैदान आणि गर्दीतील बोलणी एवढ्यावर ती उभी आहे. पिच्चीच्या बापाचा जीव जमीनदाराच्या कारी या बैलाने घेतलेला असतो; पिच्ची त्याच कारीला धरायला आलेला आहे. सूडकथेची ही चौकट वाचकाला ओळखीची वाटते आणि लेखक तिचा पुरेपूर वापर करून घेतो. बैल सोडण्याच्या क्षणाचा ताण, वशिंडावरची पकड, शिंगांचे वार हे सारे इतक्या नेमकेपणाने येते, की वाचक स्वतः मैदानाच्या कडेला उभा असल्यासारखा होतो. पिच्ची जिंकतो. एखाद्या सामान्य कथेचा शेवट इथे झाला असता.

परंतु हरलेला कारी उधळतो आणि जमीनदार स्वतःच्या हाताने त्याला गोळी घालतो. ज्या बैलात त्याची प्रतिष्ठा साठवली होती तो बैल आता त्याच्या अप्रतिष्ठेचे चिन्ह झालेला असतो, आणि चिन्ह पुसायचे तर शरीरच नाहीसे करावे लागते. प्रतीकव्यवहाराचे तर्कशास्त्र त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेल्यास काय होते, ते चेल्लप्पांनी भाष्य न करता दाखवले आहे. बैल पिच्चीचा शत्रू नव्हता. तो कोणाचाच शत्रू नव्हता. एका माणसाचा सूड आणि दुसऱ्या माणसाचा मान यांच्यामध्ये तो उभा होता. या कृतीकडे जल्लिकट्टूची गौरवगाथा म्हणून पाहणारे वाचन तिचे शेवटचे पान वगळूनच करता येते. आणि तिला केवळ निषेधाची कृती ठरवणारे वाचनही आधीच्या पानांतील उत्कट कौशल्यवर्णनाला न्याय देत नाही. त्या दुपारचे सौंदर्य नाकारण्याचा सोपा मार्ग चेल्लप्पा पत्करत नाहीत. ते सौंदर्य खरे आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याने चुकवली आहे, ही दोन्ही विधाने ते एकाच वेळी उभी ठेवतात. प्राणिहक्कांच्या नंतरच्या पुष्कळ लेखनाला हे जमलेले नाही.

सौंदर्य आणि भय यांच्या या संबंधाची चर्चा भारतीय काव्यशास्त्राला अपरिचित नाही. किंबहुना रसप्रतीतीच्या विवेचनात अभिनवगुप्ताने घेतलेले प्रसिद्ध उदाहरण एका पाठलाग होत असलेल्या प्राण्याचेच आहे: ‘शाकुंतल’च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून धावणारे हरिण. त्या वर्णनातून सहृदयाला होणारी भयाची प्रतीती ‘हे भय माझे’, ‘हे भय शत्रूचे’ अशा विशेषांतून मुक्त असते. देश, काल, व्यक्ती यांच्या मर्यादा गळून पडतात, म्हणून ती आस्वाद्य होते. साधारणीकरणाची उपपत्ती अशी एका हरिणाच्या भीतीवर विशद केली गेली, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. याच परंपरेत पुढे विश्वनाथाने पशुपक्ष्यांच्या रतीला रसाभासात ढकलले. तिर्यक् योनीतील प्राण्याचे भय रसनिष्पत्तीला चालते, त्याची प्रीती मात्र आभास ठरते. ही विसंगती स्वतंत्र अभ्यासाला योग्य आहे.

साधारणीकरण काव्यात निरपराध असते. शब्दांतले हरिण कोणाच्याही बाणाने मरत नाही. ‘हे भय कोणाचे’ हा प्रश्न तिथे गळून पडला तरी कोणाचे काही बिघडत नाही. मैदानावर मात्र भय कोणाचे तरी असते. डोळे विस्फारलेले, शेपटी वर गेलेली, तोंडाला फेस आलेला बैल हे प्रेक्षकाच्या लेखी ‘चैतन्य’ किंवा ‘आवेग’ असते. भीतीचे साधारणीकरण होऊन तिचा वीररस बनलेला असतो. काव्यातील प्रक्रिया जशीच्या तशी मैदानात उतरवली जाते, फक्त तिची अट मागे राहते. कालिदासाने ही अट ओळखली होती असे म्हणण्यास जागा आहे: पाठलागाच्या त्या अप्रतिम वर्णनानंतर लगेच तपस्वी मध्ये येतो आणि बाण आवरायला सांगतो. आस्वाद आणि निषेध एकाच अंकात, काही श्लोकांच्या अंतराने, येतात.

हा प्रश्न महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत न्यायालयाच्या भाषेत मांडला गेला. केंद्र शासनाच्या ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती या दोहोंना प्रतिबंध केला. २०१७ मध्ये तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी मूळच्या १९६० च्या कायद्यात आपापल्या राज्यांपुरत्या दुरुस्त्या केल्या; डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. संहिता म्हणून या दोन निकालपत्रांचे वाचन उद्बोधक आहे. २०१४ च्या निकालात बैल वाक्याचा कर्ता होऊ पाहतो: त्याची शरीररचना, त्याचे भय, त्याची प्रतिष्ठा यांविषयी न्यायालय बोलते; पळ किंवा प्रतिकार ही घाबरलेल्या प्राण्याची प्रतिक्रिया असल्याचे सांगते; ईशोपनिषदाचा आधार घेते. २०२३ मध्ये मध्यवर्ती प्रश्न बदलतो. विधिमंडळाला अधिकार आहे काय, दुरुस्तीने यातना पुरेशा कमी होतात काय, प्रथा सांस्कृतिक वारसा आहे की नाही हे कोणी ठरवायचे, अशी ती प्रश्नमालिका आहे. बैल पुन्हा कर्मपदी जातो. दुसरा निकाल कायदेशीरदृष्ट्या दुबळा आहे असा याचा अर्थ नाही. त्याची भूमिका सुसंगत आहे. निवेदनाचा कोन मात्र पालटला आहे.

शर्यतीच्या बाजूने होणारा एक युक्तिवाद गंभीरपणे घेतला पाहिजे. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासून चालू आहे. घोडा त्या मनाईच्या यादीत कधी आला नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. मग खेड आणि जुन्नरचा घाट तेवढा क्रूर का? करेनिनचा भेद इथे जसाच्या तसा भेटतो: एक खेळ विकासाची खूण, दुसरा रानटीपणाची. घोडा धावण्यासाठीच घडलेला आणि बैल ओझ्यासाठी, हे शरीरशास्त्रीय उत्तर अर्धेच समाधान करते. फ्रू-फ्रूही धावण्यासाठीच घडलेली होती. खेड्यातल्या माणसाला या भेदात वर्गाचा वास येत असेल तर तो उगाच नाही. पण या युक्तिवादातून निघते ते एवढेच, की घोड्याचा प्रश्नही विचारला जावा. बैलाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखा जपतो’ हे दुसरे विधान. यात खोटेपणा नसतो. खिलार खोंडाची निगा, त्याचा खुराक, त्याच्या आजारपणातली जागरणे ही प्रत्यक्ष आहेत, आणि ट्रॅक्टर आल्यानंतर शर्यत नसती तर देशी बैल दावणीला उरलाच नसता, हे म्हणणेही निराधार नाही. परंतु कारीचीही निगा कमी राखली जात नसणार. माया आणि वापर हे परस्परविरोधी नसतात, हे ‘वाडिवासल’च्या वाचकाला सांगावे लागत नाही. जे. एम. कुट्सीच्या ‘द लाइव्ह्ज ऑफ अ‍ॅनिमल्स’मधील (१९९९) एलिझाबेथ कॉस्टेलो या वृत्तीचे, म्हणजे प्रतिस्पर्धी प्राण्याचा सन्मान करून त्याला मारण्याच्या वृत्तीचे, आकर्षण मान्य करते आणि तरीही तिच्यापाशी थांबत नाही. तिची पसंती प्राण्यात एखादी कल्पना शोधत न बसणाऱ्या कवितेला आहे. ही भूमिका तिच्या तोंडी येते, कुट्सीच्या नाही, हे भान ठेवूनही समीक्षेला तिच्यापासून घेण्यासारखे बरेच आहे.

मराठी शर्यतीची स्वतःची एक संहिता आहे: यात्रेतल्या फलकांवर मालकाच्या नावाशेजारी छापलेले बैलाचे नाव, ध्वनिक्षेपकावरून होणारे बारीचे वर्णन, ‘घाटाचा राजा’ हा किताब, सोशल मीडियावर फिरणारी गाणी. या सर्वांत बैल राजा असतो, वाघ असतो, वादळ असतो. तो बैल असतो ती संहिता एकच, शासनाच्या नियमांची. काठी नको, चाबूक नको, विजेचा धक्का नको, उत्तेजक द्रव्य नको, अशी ती कोरडी निषेधसूची. प्रत्येक ‘नको’मागे आधी घडून गेलेले काहीतरी असते; न घडणाऱ्या गोष्टीला कोणी मनाई करत नाही. अलंकारांनी जे झाकले ते या अलंकारहीन यादीत नोंदले गेले आहे, आणि शर्यतीचे वास्तववादी वर्णन हवे असेल त्या अभ्यासकाने तीच आधी वाचावी.

शर्यतीतून उतरलेल्या बैलाची कथा मात्र यांपैकी कोणत्याही संहितेच्या कक्षेत येत नाही. फलकावर त्याचे नाव पुढच्या वर्षी नसते, एवढेच कळते. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. म्हातारा बैल बाजारात सहजी खपत नाही आणि दावणीला परवडत नाही. ‘खोल्स्तोमेर’मध्ये टॉलस्टॉय थेट इथवर जातो. म्हातारा, खरजेने पोखरलेला घोडा खाटकाकडे दिला जातो, लांडगीण त्याचे मांस आपल्या पिलांना भरवते, आणि पुढे एक शेतकरी त्याची हाडे उचलून नेतो.